विचारणे आणि सांगणे

जालना जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रावर लिहावे हे थोडेसे हास्यास्पदच आहे. आमच्याकडे पाणी म्हटले की आधी टँकर आठवतो, मग विहीर, आणि फारच झाले तर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी. समुद्र आम्हांला ठाऊक असतो तो नकाशातल्या निळ्या रंगापुरता. गेली वीस वर्षे मी मुलांना तो निळा रंग छडीच्या टोकाने दाखवीत आलो, ‘हा अरबी समुद्र’ असे सांगत आलो. स्वतः मात्र तो पाहिला चाळिशी उलटल्यावर, आणि तोही मास्तर म्हणून नव्हे. लिहायला घेतलेल्या कादंबरीतला एक माणूस घर सोडून कोकणात गेला, तेव्हा त्याच्या मागोमाग मलाही जाणे भाग पडले. दोन वर्षांपूर्वी आठ दिवस मालवणात राहिलो. कादंबरीतले ते प्रकरण पुढे मी काढून टाकले. आठ दिवसांत समुद्र समजत नाही, एवढेच मला तिथे समजले होते. पण तिथे ऐकलेले एक वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आले. पाहुणा म्हणून आलेल्या त्या वाक्याने आता घरात ठाण मांडले आहे.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. होडीतून जाळे मोठ्या अर्धवर्तुळात सोडीत जातात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि ते दोर धरून माणसांच्या दोन रांगा मागे मागे सरकत जाळे ओढू लागतात. हे काम घटका-दोन घटकांचे नाही. मी हौसेने दोराला हात लावला. हाताला फोड आले तेव्हा कोणीतरी हसून मला बाजूला बसवले. जाळे वाळूवर आले, मासळीचे वाटे पडले. होडी-जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. मग कडेला उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या टोपल्यांत कालवणापुरती मासळी पडली. माझ्या फोडांचा मोबदला म्हणून मलाही दोन बांगडे मिळाले. पंधरा वर्षांच्या लेखनाच्या मानधनापेक्षा ते मला जास्त हक्काचे वाटले.

शेजारी एक वृद्ध गाबीत जाळे शिवीत बसला होता. समोर सिंधुदुर्ग किल्ला होता. किल्ल्याभोवतीचे ते पाणी अभयारण्य आहे हे मी वाचून गेलो होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 1987 च्या एप्रिलमध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, आणि त्यातला 3.182 चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगडाचे बेट आणि पाण्याखालचे खडक त्या गाभ्यात येतात. त्या खडकांवर प्रवाळ आहे, प्रवाळाच्या आश्रयाने मासे आहेत. मास्तरी सवयीने मी त्या वृद्धाला म्हणालो, “बरे झाले हो, सरकारने हे राखून ठेवले. मासळी टिकेल, पुढच्या पिढीला मिळेल.”

त्याने सुई थांबवली नाही. म्हणाला, “बरा की वायट, ता मागसून. आमका सांगितल्यानी, गुरुजी, विचारूक नाय.”

आम्हांला सांगितले, विचारले नाही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मुलाच्या लग्नाची तारीख शेजाऱ्याकडून कळावी आणि बापाने ती कोणा तिऱ्हाईताला सांगावी, तसा तो बोलला. वस्तुतः त्या अभयारण्याने त्याची मासेमारी बुडाली, असेही नव्हते. मालवणच्या मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला, आणि पुष्कळ वर्षे ते अभयारण्य बरेचसे कागदावरच राहिले. मग त्याला टोचत होते ते काय? नुकसान झालेले नसतानाही माणसाला अपमान का वाटावा? परतीच्या एस.टी.त मी हा प्रश्न इतरांचा म्हणून चघळीत होतो. घाट चढून देशावर आलो आणि मला एकाएकी आमच्या गावचे तळे आठवले.

इथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

आमच्या गावाबाहेर एक तळे आहे. चांगला पाऊस झाला तर होळीपर्यंत पाणी राहते. थंडीत पाणपक्षी उतरतात. पाच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात पक्षी फार थोडे आले. मला ते लागले. पक्षी पाहणे हा माझ्या आयुष्यातला एकमेव शौक. बाकीचे दोन, म्हणजे लेखन आणि तंबाखू, यांना शौक म्हणता येत नाही. मी गावातल्या चार जाणत्यांना गाठले, पक्ष्यांचे महत्त्व पटवले, आणि तळ्यात पाच वर्षे मासेमारी करू नये असा ठराव ग्रामसभेत मांडवला. ठरावाचा मसुदा माझा, अक्षरही माझे. माझे अक्षर चांगले आहे. मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणाने मला दिलेली ती एक निर्विवाद देणगी. ठराव एकमताने मंजूर झाला.

तळ्याच्या काठाला भोई समाजाची चार घरे होती. तळ्यातले मासे हाच त्यांचा धंदा. ग्रामसभा भरली त्या दिवशी तालुक्याचा बाजार होता, आणि बाजाराच्या दिवशी ती माणसे मासे विकायला गेलेली असत. कोणी कट करून तो दिवस निवडला नव्हता. तो दिवस त्यांच्या गैरसोयीचा आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. आज मला त्या ठरावापेक्षाही हे ध्यानात न येणे जास्त भयंकर वाटते. वैर धरणाऱ्याला निदान तुम्ही आहात हे ठाऊक असते.

त्या चार घरांतला एक मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात होता. अभ्यासात बेताचा. पण एकदा पुस्तकातल्या माशांच्या धड्यावर बोलत असता तो उठून म्हणाला होता की, मरळ आपल्या पिलांना एकटे सोडीत नाही. लाल लाल पिलांचा घोळका वर फिरतो आणि खाली आई असते. त्या वेळी बाप तिच्यावर जाळे टाकत नाही. मी त्याला शाबासकी दिली होती आणि लगेच धडा पुढे नेला होता. तळ्याविषयी गावात कोणाला काही ठाऊक असेल तर ते याच्या घरात आहे, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. ठरावाच्या वेळी तरी नक्कीच.

ठराव झाल्यावर त्याचा बाप शाळेत आला. तो भांडेल अशी माझी अपेक्षा होती, आणि मी उत्तरेही तयार ठेवली होती. तो दारात उभा राहून एवढेच म्हणाला, “गुरजी, कव्हापासून?”

बंदी कधीपासून, एवढेच त्याला विचारायचे होते. बाकी सगळे ठरून गेलेले होते. मी तारीख सांगितली. दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गेले, आणि मुलाचे नाव पटावरून कमी झाले. ते नाव मीच कमी केले; अक्षर तेच.

आता वाचक म्हणतील, मास्तरांच्या ठरावाचे पुढे वाटोळे झाले असणार. भोई गेले, राखण गेली, चोरटे आले, तळे उजाड झाले. कादंबरीत मी असेच लिहिले असते. पण तसे घडले नाही. पक्षी वाढले. दुसऱ्या हिवाळ्यात बदके उतरली, तिसऱ्या हिवाळ्यात करकोच्यांचा एक थवा तीन दिवस राहिला. माझा ठराव यशस्वी झाला, आणि त्यामुळेच हा प्रश्न माझ्यापुरता अवघड झाला आहे. तो फसला असता तर मी चुकलो असे म्हणून मोकळा झालो असतो.

निसर्गाची राखण करताना स्थानिक माणसांना बरोबर घ्यावे, असे हल्ली सगळेच म्हणतात. का घ्यावे, याचे उत्तर बहुधा एकच दिले जाते: त्यांच्यावाचून राखण होत नाही. ते खोटे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची अंडी पूर्वी वाळूतून उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले. आज ते गावकरीच घरटी राखतात, पिले पाण्यात सोडतात, आणि ती पाहायला येणाऱ्यांना घरी जेवूखाऊ घालून चार पैसे मिळवतात. सिंधुदुर्गातही गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रकल्प झाला. ट्रॉलरच्या जाळ्याला शेवटच्या भागात चौकोनी आस लावावेत, असा प्रयत्न त्यात झाला. नेहमीचे तिरपे आस ओढताना मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात, आणि लहान मासे निसटून जातात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा एक बचतगट पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतो. ही सारी उदाहरणे मला मनापासून आवडतात.

परंतु या युक्तिवादात एक खोच आहे. स्थानिकांना विचारायचे ते उपयोग होतो म्हणून, असे एकदा म्हटले की जिथे त्यांच्यावाचून भागते तिथे त्यांना विचारण्याचे कारण उरत नाही. माझ्या तळ्याचे तसेच झाले. भोयांना न विचारता पक्षी आले. मग मी केले ते बरोबर होते काय? तसे असेल तर सातवीच्या पटावरचे ते नाव हा निव्वळ खर्च ठरतो, आणि तो खर्च आम्ही केला दुसऱ्याच्या खिशातून. घराच्या मालकाला न विचारता त्याच्या घराची उत्तम डागडुजी केली, तरी कुलूप तोडून आत शिरल्याचा दोष जात नाही. विचारणे हे यशाचे साधन म्हणून चांगले असेलच. पण ते त्याआधीचे देणे आहे. ज्याचे आयुष्य आपण बदलणार त्याला आपण माणूस समजतो, याची ती पोच आहे. मालवणच्या वृद्धाला नुकसान न होताही जे टोचत होते ते हे होते, असे मला वाटते.

मात्र इथे थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. विचारायचे म्हणजे कोणाला? स्थानिक माणूस म्हणून एकच एक माणूस किनाऱ्यावर उभा नसतो. रापण ओढणारा स्थानिक आहे, ट्रॉलरवाला स्थानिक आहे, पर्ससीन जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून काढणाराही पुष्कळदा स्थानिकच आहे. पर्यटकांना पाण्याखाली नेणारा तरुण तर त्याच रापणकराचा नातू असतो. या सगळ्यांचे हित एक नाही. पर्ससीनविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तेव्हा 2016 च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने त्या जाळ्यांवर क्षेत्राचे आणि महिन्यांचे निर्बंध घातले. म्हणजे बंधन नकोच असे रापणकर म्हणत नव्हता. बंधन घाला असे तोच म्हणत होता. पावसाळ्यात होड्या ओढून घेऊन नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा पाण्यात उतरणे, ही रीत आजच्या 1 जून ते 31 जुलैच्या सरकारी बंदीहून कितीतरी जुनी आहे. पण त्या रीतीच्या जोरावर किनाऱ्यावरच्या सर्वांना ऋषी ठरवणे हाही त्यांचा अपमानच. ती माणसे आहेत. त्यांच्यात हावरट आहेत, समजूतदार आहेत, कर्जात बुडालेले आहेत. माणसाला देव करून पूजणे हा त्याला न विचारण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

आणखी एक आक्षेप माझ्या मनात अजून शिल्लक आहे. प्रवाळाला कोण विचारणार? बदकाला कोण विचारणार? ग्रामसभेत त्यांचा हात वर होत नाही. उद्या काठावरच्या सर्वांनी मिळून पाणी ओरबाडायचे ठरवले, तर मास्तराने गप्प बसावे काय? बसू नये, असेच मला वाटते. पण बोलणे निराळे आणि परस्पर ठरवून टाकणे निराळे. पक्ष्यांच्या बाजूने बोलायला मी ग्रामसभेत हजर होतो, म्हणून पक्ष्यांना निदान वकील मिळाला. भोयांना त्या दिवशी वकीलही नव्हता आणि आवाजही नव्हता. शिवाय वापरणारा आणि राखणारा या दोन जाती नव्हेत. आमच्याजवळचेच उदाहरण घ्या. पैठणच्या नाथसागराला 1986 साली पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर केले. पुढे तिथल्या पाण्यावर तरंगता सौरप्रकल्प उभारण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेली ती मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाची पंच समिती. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. ऊन वापरून वीज करणे हेही पृथ्वीच्या भल्याचेच काम आहे. निकालाचा काथ्याकूट मी करीत नाही. पण त्या पाण्याच्या वतीने न्यायालयाच्या पायऱ्या चढायला त्याच पाण्यात जाळे टाकणारा माणूस पुढे झाला, एवढे मी टिपून ठेवले आहे.

कायद्यालाही हे हळूहळू उमगत गेले आहे. 1991 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, आणि सागरी पाण्यात अभयारण्य करावयाचे तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची पुरेशी तजवीज आधी करावी, असे त्यात लिहिले गेले. मालवणचे अभयारण्य त्याआधी चार वर्षे झालेले होते. 2002 च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समिती आली, आणि तीत पंचायतींच्या प्रतिनिधींना जागा मिळाली. पण सल्लागार या शब्दातच त्याची मर्यादा आहे. सल्ला घ्यायचा आणि आपले तेच करायचे, हे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही करतो.

याहून पुढे गेलेली माणसे जगात आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हैदा नावाच्या आदिवासींची बेटे आहेत. 1985 साली तिथली जंगलतोड अडवण्यासाठी त्यांचे म्हातारेकोतारे रस्त्यावर बसले आणि पकडले गेले. 1993 साली तिथल्या सरकारशी ग्वाय हानास या भागाबाबत त्यांचा करार झाला. त्या करारात एक विलक्षण गोष्ट आहे. ही भूमी कोणाची, यावर दोघांचे एकमत झाले नाही. तेव्हा कागदावर दोन रकाने पाडून एका बाजूला हैदांचे म्हणणे लिहिले, दुसऱ्या बाजूला सरकारचे. आणि खाली दोघांनी मिळून लिहिले की, भांडण असले तरी ही जागा राखावी याविषयी आमचे दुमत नाही. कारभार पाहणाऱ्या मंडळावर दोघांचे सभासद सारख्या संख्येने असतात. 2010 साली भोवतालचा समुद्रही त्याच रीतीने त्या मंडळाकडे आला. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेत बहुमत न मोजता सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहण्याची रीत पाडली, आणि 2009 साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. बोलत राहण्याला वेळ लागतो. ‘एकमताने मंजूर’ लिहायला मला दोन सेकंद लागली होती.

हे सगळे वाचल्यावर माझ्यापुरती एक खूण मी ठरवली आहे. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येऊ शकते आणि आल्यास आपला बेत बदलावा लागतो, तेच विचारणे. उत्तर काहीही आले तरी आपला बेत बदलणार नसेल, तर त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह असले तरी ते सांगणेच होय. मुलांना मी प्रश्नार्थक वाक्ये शिकवीत आलो. व्याकरणाच्या पुस्तकात ही खूण दिलेली नाही.

यंदा आमच्या ठरावाची मुदत संपते. तो पुढे चालू ठेवावा, असे गावाचे मत आहे, आणि मसुदा अर्थातच माझ्याकडे आला आहे. या वेळी लिहायला बसण्यापूर्वी मी तळ्यावर गेलो. चार घरांपैकी दोन उरली आहेत. त्या मुलाचा बाप होता. मुलगा पुण्याकडे कुठे कामावर आहे म्हणाला. मी त्याला सगळे सांगितले, आणि मग, पाच वर्षे उशिराने, विचारले. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मला वाटले, हा आता म्हणेल, तुम्ही म्हणाल तसे. मोठ्या माणसांना नाही म्हणायची या लोकांना सवय नसते. ती आपणच मोडलेली असते.

पण तो म्हणाला, “न्हाई गुरजी. वरीसभर बंदी नको.” आषाढ-श्रावणात, मासा अंड्यावर असतो तेव्हा, जाळे नको हे त्याला मान्य आहे. तळ्याच्या ज्या अंगाला पक्षी बसतात ते अंग सोडून द्यायलाही तो तयार आहे. बाकीचे पाणी मात्र त्याला हवे आहे, आणि हे ग्रामसभेत आपल्या तोंडाने सांगायचे आहे. बाजाराचा दिवस सोडून सभा घ्या, एवढे म्हणाला.

त्याचे म्हणणे मला पुरते पटलेले नाही, हे कबूल करतो. करकोच्यांचा तो थवा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. संपूर्ण बंदी राहावी असेच माझे मत आहे, आणि सभेत मी ते मांडणार आहे. निकाल कोणाच्या बाजूने लागेल मला ठाऊक नाही. पण सभेचा दिवस बदलून घेतला आहे. मसुद्याच्या कागदावर या वेळी मी मधोमध एक रेघ ओढली आहे. डाव्या बाजूला माझे म्हणणे लिहून झाले. उजवी बाजू अजून कोरी आहे. ती त्याच्या शब्दांत लिहायची आहे.